क्लिंगॉन युद्धनौकेवरील उपकप्तान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘स्टार ट्रेक’ या अंतराळ-विज्ञानकथांच्या मालिकांतील क्लिंगॉन या योद्धा समाजाविषयी बोलणे निघाले की एक गोष्ट हमखास सांगितली जाते : त्यांच्या जहाजावर उपकप्तान कप्तानाला ठार मारून त्याची जागा घेतो. एवढ्या एका वाक्यावर अनेकांची क्लिंगॉनांची ओळख संपते, आणि या पदामागचा विचार मात्र नजरेआड होतो. पडद्यावर प्रत्यक्ष घडलेल्या प्रसंगांच्या आधारे ते पद समजावून घेता यावे, यासाठी पुढील प्रश्नोत्तरे मांडली आहेत.

क्लिंगॉन जहाजावर उपकप्तानाचे स्थान काय असते?

क्लिंगॉन प्रथम १९६७ साली मूळ मालिकेत दिसले. तेव्हा ते फेडरेशनचे, म्हणजे मानवांसह अनेक ग्रहांच्या संघाचे, धूर्त आणि क्रूर शत्रू एवढेच होते. त्यांच्या समाजाची घडण, घराण्यांचा अभिमान, शपथा आणि मानापमानाचे नियम हे सारे पुढे ‘द नेक्स्ट जनरेशन’ आणि ‘डीप स्पेस नाइन’ या मालिकांमध्ये, विशेषतः रोनाल्ड मूर यांनी लिहिलेल्या भागांमधून, आकाराला आले.

या समाजात उपकप्तान हा कप्तानानंतरचा अधिकारी असतो, तो कप्तानाचे हुकूम खालपर्यंत पोहोचवतो आणि शिस्त राखतो, येथपर्यंत कोणत्याही आरमारापेक्षा वेगळे काही नाही. वेगळेपण पुढे आहे. कप्तान नेतृत्वाला लायक उरला आहे की नाही, यावर सतत लक्ष ठेवण्याची आणि तो लायक उरला नसेल तर स्वतः पाऊल उचलण्याची जबाबदारी याच अधिकाऱ्याच्या खांद्यावर असते.

उपकप्तान कप्तानाला मारू शकतो, हे खरे आहे का?

खरे आहे, आणि ‘मारू शकतो’ हा शब्दप्रयोगही सौम्य ठरेल. १९८९ साली प्रक्षेपित झालेल्या ‘अ मॅटर ऑफ ऑनर’ या भागात फेडरेशनच्या एंटरप्राइझ या जहाजाचा उपकप्तान विल्यम रायकर अधिकारी-देवाणघेवाणीच्या योजनेखाली क्लिंगॉन जहाजावर जाण्याची तयारी करतो आणि तेथे आपले काम काय असेल, असे आपला सहकारी अधिकारी वर्फ याला विचारतो. वर्फ जन्माने क्लिंगॉन, पण मानवी आईवडिलांच्या घरी वाढलेला. तो अगदी सरळपणे सांगतो, की कप्तान दुबळा किंवा कर्तव्यास असमर्थ झाल्यास त्याला संपवणे हे उपकप्तानाचे कर्तव्य समजले जाते. आणि रायकरच्या हाताखालचा अधिकारी त्याच कारणांसाठी रायकरलाही संपवील.

या उत्तरातील दुसरा भाग बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. जो नियम उपकप्तानाच्या हाती सुरी देतो, तोच नियम त्याच्या पाठीशी दुसरी सुरी उभी करतो. कप्तानाच्या उणिवा मोजणाऱ्याच्या उणिवाही कोणीतरी मोजत असते. त्यामुळे या पदावर बसून निव्वळ संधीची वाट पाहणारा माणूस फार काळ टिकू शकत नाही.

मग क्लिंगॉन जहाजांवर सतत रक्तपात कसा होत नाही?

कारण आव्हानाला कारण लागते, आणि ते कारण जहाजावरच्या इतरांना पटावे लागते. भित्रेपणा, कर्तव्यात कसूर, द्रोह ही कारणे सर्वांना मान्य असतात. ‘मला बढती हवी’ हे कारण कोणी उघडपणे सांगत नाही, कारण तसे सांगणाऱ्याच्या मागे जहाज उभे राहणार नाही. आव्हान बहुधा सर्वांच्या देखत, तोंडावर दिले जाते आणि लढत साक्षीदारांच्या समोर होते. ज्या सैनिकांनी उद्या नव्या कप्तानाच्या हुकमावर प्राण द्यायचे आहेत, त्यांनी तो कप्तान कसा झाला हे पाहिलेले असणे आवश्यक असते. माझ्या मते या पद्धतीचे सारे बळ या साक्षीदारांमध्ये आहे. ते नसतील तर उरतो तो केवळ खून.

रायकरने हे पद कसे निभावले?

या प्रसंगाकडे सविस्तर पाहायला हवे, कारण उपकप्तानपदाच्या जवळजवळ सर्व बाजू त्या एका भागात दिसतात.

रायकर ‘पाघ’ या जहाजावर दाखल होतो, कप्तान कार्गनसमोर जहाजाशी निष्ठेची शपथ घेतो, आणि पहिल्याच क्षणी दुय्यम अधिकारी क्लॅग त्याच्या अधिकाराला हरकत घेतो. एका परक्याने आपल्यावर हुकूम चालवावा, हे त्याला मंजूर नसते. रायकर वाद घालत नाही, कप्तानाकडे दादही मागत नाही. तो क्लॅगला तिथल्या तिथे बदडून गप्प करतो. त्याने तक्रार केली असती तर त्याच क्षणी त्याचे पद नावापुरते उरले असते. आश्चर्य असे, की मार खाल्लेला क्लॅग मनात अढी धरत नाही. थोड्याच वेळात दोघे एकाच मेजावर जेवायला बसतात. समोर जिवंत वळवळणारा गाग, म्हणजे अळ्यांचे खाद्य, असते, भोवतीचे सैनिक पाहुण्याची थट्टा करत असतात आणि रायकर तीच थट्टा त्यांच्यावर उलटवत असतो. येथेच क्लॅग आपल्या वडिलांविषयी सांगतो. क्लिंगॉनांचे शत्रू असलेल्या रोम्युलनांनी त्यांना पकडले, लढताना मरण येऊ दिले नाही. ते निसटून परतले आणि आता मायभूमीवर सन्मानहीन म्हातारपण कंठत आहेत. मुलगा त्यांना भेटायला जात नाही. कप्तानाच्या दुबळेपणाला हा समाज एवढा कठोर का असतो, ते या थोडक्या बोलण्यातून कळते. तेथे माणसाची किंमत त्याच्या आजच्या कामावर ठरते, आणि तोच निकष बापालाही लागू होतो.

पुढे ‘पाघ’चे कवच खाणारे सूक्ष्मजीव आढळतात. एंटरप्राइझने त्याच जागेची बारकाईने तपासणी केल्याची नोंद मिळताच कार्गनला घातपाताचा संशय येतो आणि तो एंटरप्राइझवर हल्ला करण्याचा निर्णय घेतो. एंटरप्राइझची मर्मस्थाने सांग, असे तो रायकरला फर्मावतो. रायकर नकार देतो. मात्र ‘पाघ’च्या बाजूने लढताना मरण्याची तयारी दाखवतो. त्यावर कार्गन म्हणतो, की तू ती गुपिते सांगितली असतीस तर द्रोही म्हणून मी तुला ठार केले असते. म्हणजे कप्तानाचा प्रश्न हीच एक परीक्षा होती, आणि आज्ञा पाळणारा तीत नापास झाला असता.

अखेर वर्फने निघताना दिलेल्या संकटसूचक यंत्राचा रायकर असा उपयोग करतो, की कार्गनच ओढला जाऊन एंटरप्राइझवर पोहोचतो. कप्तान जागेवर नाही म्हटल्यावर रायकर कप्तान होतो, एंटरप्राइझला शरण येण्याचा हुकूम देतो, आणि तिचा कप्तान पिकार्ड प्रसंग ओळखून तो मान्य करतो. लढाई टळते आणि ‘पाघ’ला नमते घ्यावे लागत नाही.

कार्गन परतल्यावर रायकरने त्याचा ठोसा का सोसला?

हा प्रश्न सर्वांत अधिक विचारला जातो. कार्गन परत येतो तेव्हा त्याची खुर्ची गेलेली असते आणि सारे सैनिक पाहत असतात. रायकर त्याच्यापुढे ताठ उभा राहतो, कार्गन त्याला जोरदार ठोसा मारतो आणि जहाजावरून हाकलतो. वार चुकवणे रायकरला सहज शक्य होते, पण तो चुकवत नाही.

त्याने वार चुकवला असता किंवा उलट हात उगारला असता, तर दोघांपैकी एकालाच जिवंत राहता आले असते. ठोसा स्वीकारल्याने कप्तानाला आपल्या माणसांसमोर पत परत मिळाली, आणि जहाज एका कप्तानाच्या हाती अखंड राहिले. हे काय घडले ते क्लॅगला लगेच कळते, आणि तो रायकरची कदर करतो. क्लिंगॉन उपकप्तानाचे सर्वांत अवघड कौशल्य हेच, असे मला वाटते. आव्हान देण्याचा अधिकार हाती असताना तो कुठे थांबवायचा, आणि थांबवताना स्वतःची किती हानी सोसायची, हे त्याला क्षणात ठरवावे लागते.

वर्फ आणि मार्टोक यांच्या प्रसंगात वेगळे काय आहे?

१९९७ सालच्या ‘सोल्जर्स ऑफ द एम्पायर’ या भागात वर्फ स्वतः उपकप्तान असतो, आणि त्याच्यापुढचा पेच रायकरच्या पेचापेक्षा कितीतरी खोल आहे. सेनापती मार्टोकने डोमिनियन या शत्रुसत्तेच्या तुरुंगात दोन वर्षे काढलेली असतात. वर्फ त्याच तुरुंगात त्याच्यासोबत होता. डोमिनियनच्या जेम’हडार सैनिकांशी एकामागून एक झुंजी देताना मार्टोकमुळेच तो उभा राहू शकला, असे ऋण त्याच्या मनावर आहे. सुटकेनंतर मार्टोकला ‘रोटारन’ या जहाजावर बेपत्ता झालेल्या एका क्लिंगॉन जहाजाचा शोध घेण्याची कामगिरी मिळते, आणि वर्फ आपण होऊन त्याचा उपकप्तान होतो.

‘रोटारन’चे सैनिक पराभवांनी खचलेले असतात. सुकाणूवरचा लेस्किट गळ्यात कार्डासियन या शत्रूंच्या मानेच्या मणक्यांची माळ घालून कुत्सितपणे बोलत असतो. जेवणघरात एकमेकांवर सुरे निघतात. त्यांना एक विजय हवा असतो, आणि मार्टोक लढाई टाळत राहतो. जेम’हडारचे जहाज टप्प्यात आले तरी तो हल्ल्याचा हुकूम देत नाही. बेपत्ता जहाज सीमेपलीकडे, कार्डासियन हद्दीत निकामी अवस्थेत सापडते, तरी हा सापळा असेल असे म्हणून तो सीमा ओलांडत नाही.

येथे वर्फ बराच काळ गप्प राहतो, आणि ते गप्प राहणे चूक आहे हे त्याला जॅडझिया डॅक्स सांगते. ती विज्ञान अधिकारी म्हणून जहाजावर असते, सैनिकांत मिसळते आणि वर्फला न दिसलेली गोष्ट तिला दिसते : कप्तानावरील प्रेमापोटी उपकप्तान आपले काम टाळत आहे, आणि त्याने पाऊल उचलले नाही तर जहाजावर बंड होणार.

अखेर वर्फ सर्वांसमोर मार्टोकला आव्हान देतो आणि दोघांची लढत सुरू होते. लढता लढता मार्टोकमध्ये जुना योद्धा जागा होतो, आणि भोवतीचे सैनिक आरोळ्या देऊ लागतात. ते पाहताच वर्फ आपला बचाव किंचित सैल सोडतो आणि मार्टोकची सुरी अंगावर घेतो. कप्तान जिंकतो, त्याच आवेशात ‘रोटारन’ सीमा ओलांडते, शत्रूला हरवते आणि त्या जहाजावरच्या जिवंत उरलेल्यांना सोडवून आणते. लढतीत काय झाले, हे मार्टोकला ठाऊक असते. तो वर्फला आपल्या घराण्यात सामील करून घेतो. १९९५ साली दाखवलेल्या घटनांत साम्राज्याचा प्रमुख, चॅन्सेलर गाउरॉन याने वर्फचे घराणे नामशेष केलेले होते, त्यामुळे क्लिंगॉन माणसासाठी याहून मोठी देणगी नव्हती.

जाणूनबुजून हरणे ही फसवणूक नाही का?

हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. मात्र वर्फने आव्हान खोटे दिलेले नव्हते. मार्टोक उसळून उठला नसता, तर वर्फला त्याला ठार करून जहाज ताब्यात घ्यावेच लागले असते, आणि ती तयारी ठेवूनच तो उभा राहिला. लढतीच्या मध्यावर तिचे कारणच संपले. ज्या भीतीसाठी आव्हान होते ती कप्तानाच्या डोळ्यांतून गेली. त्यानंतर त्याला मारणे म्हणजे केवळ खुर्ची घेणे ठरले असते. वर्फने घेतलेली जखम खरी होती, आणि ती जिवावरही बेतली असती.

उपकप्तानाचे रोजचे काम काय असते?

सैनिकांना कामे वाटून देणे, कवायत, शिस्त, शस्त्रसज्जता आणि नवख्यांना तयार करणे. याचे चांगले चित्र १९९७ मधील ‘सन्स अँड डॉटर्स’ या भागात आहे. तेथे वर्फचा मुलगा अलेक्झांडर ‘रोटारन’वर सैनिक म्हणून दाखल होतो. युद्धसरावाची नोंद पुसायला तो विसरतो आणि शत्रूची जहाजे आल्याची खोटी आरोळी ठोकतो. वर्फला शरम वाटते. पण सैनिक हसतात, आणि त्या हसण्यातून पोराला आपल्यात घेतात. उपकप्तानाने हस्तक्षेप कुठे करू नये, याचा तो धडा आहे. बाप म्हणून त्याला मुलाचा बचाव करावासा वाटतो, पण त्याने तो केला तर पोराला सैनिकांत कधीच जागा मिळणार नाही.

एंटरप्राइझवरील उपकप्तान आणि क्लिंगॉन उपकप्तान यांत मुख्य फरक कोणता?

स्टारफ्लीटमध्ये, म्हणजे फेडरेशनच्या आरमारात, उपकप्तान कप्तानाचा जीव सांभाळतो. पिकार्डने धोकादायक ग्रहावर स्वतः उतरू नये म्हणून रायकर वारंवार आडवा येतो. क्लिंगॉन कप्तानाला असे अडवणे हा अपमान ठरेल. कप्तान अपात्र ठरला तर स्टारफ्लीटमध्ये वैद्यकीय अधिकारी तपासणी करून त्याला पदावरून दूर करू शकतो. क्लिंगॉन जहाजावर तो निर्णय सुरीने होतो.

तरीही एक साम्य आहे. कप्तानाला खाजगीत स्पष्ट बोलणारा आणि इतरांसमोर त्याची पत राखणारा अधिकारी दोन्हीकडे हवा असतो. रायकर ‘पाघ’वर यशस्वी झाला, त्याला हेही एक कारण आहे.

क्लिंगॉन अधिकारी फेडरेशनच्या जहाजावर हे काम करू शकतो का?

१९९० सालच्या ‘सिन्स ऑफ द फादर’ या भागात कर्न हा क्लिंगॉन अधिकारी एंटरप्राइझवर रायकरच्या जागी येतो. तो सर्वांना धारेवर धरतो, आणि एकट्या वर्फशी मात्र अतिशय मृदू वागतो. क्लिंगॉन माणसाला ही मृदुता थेट अपमानासारखी लागते, आणि वर्फ संतापतो. ती परीक्षाच होती, कारण कर्न त्याचा सख्खा भाऊ निघतो आणि मोठ्या भावात क्लिंगॉन रक्त उरले आहे का, हे त्याला पाहायचे असते.

कप्तान आणि उपकप्तान दोघेही एकदम निकामी झाले तर?

१९९८ मधील ‘वन्स मोअर अन्टू द ब्रीच’ या भागात असेच घडते. मार्टोक आणि वर्फ दोघेही लढाईत बेशुद्ध पडतात आणि सूत्रे तिसरा अधिकारी कोर याच्या हाती येतात. कोर हा मूळ मालिकेतला जुना, नावाजलेला योद्धा. आता वयाने थकलेला. सैनिक उत्साहाने त्याच्यामागे जातात, पण त्याच्या मनात जुनी लढाई जागी होते आणि समोरचा शत्रू फेडरेशन आहे असे समजून तो हुकूम देऊ लागतो.

त्याच भागाच्या शेवटी एका जहाजाने मागे राहून जेम’हडारना रोखणे आवश्यक होते. त्या कामगिरीतून परत येणे नाही, हे सर्वांना माहीत असते, आणि वर्फ निघण्याच्या तयारीत असतो. अशा वेळी पुढे होणे हेही उपकप्तानाचेच काम मानले जाते. मार्टोकचा वृद्ध सेवक डारोक याच्या मदतीने कोर वर्फला बेशुद्ध करतो, त्याच्या जागी ‘निंगताओ’ हे जहाज घेऊन जातो, आणि शत्रूला हवा तेवढा वेळ रोखून धरतो. वार्धक्याविषयी हा समाज किती निर्दय आहे, आणि तरीही एका म्हाताऱ्याला तो किती मान देऊ शकतो, हे दोन्ही या भागात शेजारी शेजारी दिसते.

स्त्रिया या पदावर असतात का?

असतात. १९८९ सालच्या पाचव्या चित्रपटात कप्तान क्ला याची उपकप्तान व्हिक्सिस ही स्त्री आहे. ‘रोटारन’वरही स्त्री अधिकारी आहेत. सर्वोच्च परिषदेच्या बाबतीत मात्र कथानके एकमेकांशी जुळत नाहीत : गाउरॉन स्त्रियांना परिषदेत जागा नसल्याचे सांगतो, तर त्याच्या कितीतरी आधीच्या काळात गॉर्कनची मुलगी अझेटबर साम्राज्याची चॅन्सेलर झालेली आहे.

या अधिकाराचा दुरुपयोग होत नाही का?

होतो, आणि लेखकांनी तो लपवलेला नाही. १९९१ च्या सहाव्या चित्रपटात सेनापती चँग आपल्याच चॅन्सेलरच्या, गॉर्कनच्या, हत्येच्या कटात सामील होतो. त्याआधीच्या वर्षी आलेल्या एका भागात चॅन्सेलर कम्पेक संथ विषाने मरतो. दोन्ही ठिकाणी मारेकरी समोर येत नाही, कारण सांगत नाही, साक्षीदार ठेवत नाही. क्लिंगॉनांच्या दृष्टीने मृत्यूपेक्षा हे लपणे अधिक हीन आहे.

याउलट उदाहरण १९९९ सालच्या ‘टॅकिंग इंटू द विंड’ या भागात आहे. मार्टोकच्या लोकप्रियतेचा मत्सर वाटून गाउरॉन त्याला अशक्य लढायांवर पाठवतो. सैनिक मरतात, मार्टोक जखमी होऊन परततो, तरी युद्ध चालू असताना आपल्या नेत्याला आव्हान द्यायला तो तयार होत नाही. तेव्हा मार्टोकच्या हाताखालचा वर्फ इतर अधिकाऱ्यांसमोर उभा राहून गाउरॉनला जाब विचारतो, लढतो आणि त्याला मारतो. रिवाजाप्रमाणे साम्राज्य त्याचे झालेले असते आणि जमलेले योद्धे त्याच्या नावाचा घोष करतात. वर्फ चॅन्सेलरचा झगा उचलतो आणि मार्टोकच्या खांद्यावर घालतो.

हे सारे पाहायचे असल्यास कोणत्या क्रमाने पाहावे?

‘अ मॅटर ऑफ ऑनर’ पहिला, कारण नियम त्यातच सांगितला आहे आणि रायकरच्या नजरेने पाहताना पूर्वज्ञान लागत नाही. त्यानंतर ‘सिन्स ऑफ द फादर’, म्हणजे वर्फची घराण्याविषयीची वेदना कळेल. मग डोमिनियनच्या तुरुंगाचे दोन जोडभाग पाहूनच ‘सोल्जर्स ऑफ द एम्पायर’कडे यावे, ते वगळले तर मार्टोकची भीती नुसता भित्रेपणा वाटते आणि वर्फचे गप्प राहणे अनाकलनीय होते. ‘टॅकिंग इंटू द विंड’ मात्र घाईने पाहू नये. तो मालिकेच्या अखेरच्या सलग कथानकाचा भाग आहे, आणि त्याच्या आधीचे काही भाग पाहिल्यावरच गाउरॉनचे वागणे पूर्ण कळते.